मागच्या दारातला विरोधी पक्ष

आमच्या घराला दोन दारं आहेत. पुढचं मोठ्या रस्त्यावर उघडतं आणि मागचं गोठ्याकडे. पाहुणे, लग्नाच्या पत्रिका, मतं मागायला आलेले हात जोडलेले लोक, हे सगळे पुढच्या दाराने येतात. मागच्या दाराने पूर्वी फक्त मी आणि शेजारणी ये-जा करायचो. पुढे त्या दाराने अर्धं गाव यायला लागलं. ते कसं, तेवढंच सांगायला बसले आहे.

आमचे हे एका छोट्या पक्षात होते. पक्षाचं नाव सांगत नाही, कारण सांगितलं तरी तुम्हाला आठवायला वेळ लागेल. लग्न होऊन मी संग्रामपूर तालुक्यातल्या या गावात आले तेव्हाही हे त्याच पक्षात होते आणि तेव्हाही पडतच होते. निकालाच्या दिवशी मी भाकरी जास्तीच्या टाकायची. जिंकलेल्याच्या घरी गुलाल उधळतात आणि निघून जातात, पण पडलेल्याची समजूत घालायला आलेली माणसं जेवल्याशिवाय उठत नाहीत. तशी आमच्याकडे समजूत घालून घ्यायची चांगली सवय झाली होती.

रस्त्याच्या पलीकडे, बरोब्बर समोर, यांच्या चुलतभावाचं घर आहे. मी त्यांना भाऊजी म्हणते. ते मोठ्या पक्षाचे. मोठा म्हणजे गावापासून पार वरपर्यंत ज्याचा झेंडा आहे तो. त्यांची बायको, म्हणजे माझी जाऊबाई, गावची सरपंच आहे. खुर्चीवर त्या बसतात आणि बोलतात भाऊजी. दोघे भाऊ सकाळी आपापल्या ओट्यावर बसून रस्त्यावरून भांडायचे. धोरण, भाव, खत, वीज, काही सोडायचे नाहीत. एसटी आली की थांबायचे, धूळ बसली की जिथे सोडलं तिथून पुढे धरायचे. तेवढ्यात जाऊबाई आतून म्हणायच्या, "च्या थंडा होऊन राह्यला." मग सभा बरखास्त.

एके काळी आमच्या गावात चार-पाच रंगांचे झेंडे होते. एकाच घरात बापाचा एक आणि पोराचा दुसरा, असंही होतं. मग एकेक करून सगळे मोठ्या पक्षात गेले. कोणी कोणाचा पक्ष बुडवला नाही हो, कुलूपही लावलं नाही. सगळे आपापल्या पायांनी चालत गेले, काही तर मोटरसायकलवर गेले. कोणालाही विचारा, उत्तर एकच, "विकासासाठी." यांच्या पक्षाची जिल्ह्याची बैठक शेगावला व्हायची, कारण बैठकीला कोणी येवो न येवो, दर्शनाला येणारे होतेच. पुढे पुढे ती बैठक स्टेशनजवळ कचोरीच्या दुकानात एका टेबलावर मावायला लागली. हे मात्र घरी येऊन सांगायचे, "चर्चा लय सखोल झाली."

पुस्तकात लिहिलेलं असतं की लोकशाहीत अनेक पक्ष पाहिजेत. आमच्या गावात अजूनही अनेक आहेत, फक्त ते सगळे आता एकाच पक्षात आहेत. आतल्या आत त्यांची अशी जुंपते की विचारू नका, पण बाहेर आवाज नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कोणाकडे करणार?

त्याचं उत्तर एका संध्याकाळी वेल्डिंगवाल्या चाचांनी काढलं. मी मागच्या खोलीत शिलाई मशीनवर बसले होते. गोठ्याकडून खोकल्याचा आवाज आला.

"वयनी, भाऊ हायेत का?"

"हायेत ना चाचा. पुढून या."

"नाई, इथंच बरं हाय."

चाचा नुकतेच मोठ्या पक्षाचे तालुका उपाध्यक्ष झाले होते. दुकानाच्या शटरवर त्यांचा फोटो लागला होता, आणि त्यांच्या म्हाताऱ्या आईचा अंगठा रेशनच्या मशीनवर उमटत नव्हता म्हणून महिनोन् महिने धान्य मिळत नव्हतं. "आता मी पदावर हाय," चाचा म्हणाले, "मले कसं इचारता येते? भाऊले म्हना, ग्रामसभेत तेवढा मुद्दा काढा."

यांनी तो मुद्दा काढला. हे उभे राहून तावातावाने बोलत होते, आणि कोण मध्ये उठावं? चाचाच. "खाली बसा भाऊ, इकासात खोडा घालू नका." सगळी सभा हसली. म्हातारीचं धान्य मात्र सुरू झालं, आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे चाचांच्या घरून अंडी आली.

झालं, वाट पडली. ज्याला त्याला कळलं की प्रश्न विचारायचा असेल तर मागच्या दाराने जायचं. कोणाचा बांध, कोणाचं घरकुल, कोणाच्या पोरीच्या शाळेतला मास्तर. सगळे मोठ्या पक्षाचे आणि सगळ्यांचा मुद्दा यांच्या तोंडून. एकदा तर दोघे एकाच वेळी आले. दोघेही एकाच पक्षाचे, म्हणून एकमेकांना दिसायला नको होते. एकाला मी गोठ्यात म्हशीजवळ उभं केलं. तो दुसऱ्याचं सगळं गाऱ्हाणं ऐकत उभा राहिला आणि नंतर मला म्हणतो, "त्याचाबी तोच मुद्दा हाय का? मंग माह्या नावाने दुसरा लावा काहीतरी."

यांना हे सगळं फार आवडायचं. मत कोणी देत नव्हतं, पण विश्वास सगळ्यांचा होता. छाती काढून म्हणायचे, "पाह्य, गावाले माही गरज हाय." मी म्हणायची, "गावाले तुमची गरज हाय, अन् चहा माह्या पाण्याचा."

पाणी हीच खरी अडचण होती. आमचा खारपाणपट्टा. बोअरचं पाणी असं की डाळ शिजत नाही आणि चहाला चव येत नाही. पितळेचं भांडं ठेवलं तर त्याला पांढरी पुटं धरतात. धरणाच्या गोड्या पाण्याची योजना आली तेव्हा गावाला केवढा आनंद. पाइप खोदत खोदत आला, मोठ्या रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने गेला आणि थांबला. पलीकडे भाऊजींच्या अंगणात नळ, अलीकडे आमच्या बाजूला काही नाही. विचारलं तर सांगत, "दुसऱ्या टप्प्यात." माशी कुठे शिंकली ते सगळ्यांना माहीत होतं. आमच्या बाजूला आमचे हे राहत होते ना.

मग मी रोज हंडा घेऊन रस्ता ओलांडायची आणि जाऊबाईंच्या नळावर भरायची. जाऊबाई कधी नाही म्हणाल्या नाहीत. समोरच्या ओट्यावरून भाऊजी यांना ओरडून विचारायचे, "काऊन बे, इरोधी पक्ष आमचंच पानी पेऊन राह्यला का?" हे म्हणायचे, "पानी धरनाचं हाय, तुह्या बापाचं नाई." दोघांचे बाप सख्खे भाऊ, त्यामुळे हे फारसं लागायचं नाही. हसण्यावारी जायचं.

पण माझं हसू कमी होत गेलं. आमच्याच बाजूला, दोन घरं सोडून, एक शेजारीण आहे. तिच्या नवऱ्याची किडनी गेली. आमच्या भागात हे नवीन नाही, घरटी कोणीतरी त्या वाटेवर असतं. त्याला अकोल्याला मशीनवर न्यावं लागतं. डॉक्टर म्हणाले, खारं पाणी बंद करा. बाकीच्या बाया मला तोंडावर म्हणायच्या, "तुमच्या भाऊपायी आमीबी खारंच पेऊन राह्यलो." त्यांचं मला काही वाटायचं नाही, मीही दोन ऐकवायची. ही शेजारीण मात्र काही म्हणायची नाही. खाली मान घालून तीही हंडा घेऊन माझ्यामागे रस्ता ओलांडायची. नवऱ्याला सोडून यायचं म्हणून तिची घाई असायची, आणि तिचं ते न बोलणं मला सहन होत नव्हतं.

एका दुपारी मी यांच्यासमोर ताट ठेवलं आणि म्हटलं, "घाला तो दुपट्टा."

"कोनता?"

"मोठ्या पक्षाचा. नळ येईन तरी."

हे जेवता जेवता थांबले. वाटलं आता तत्त्वाचं भाषण सुरू होईल. पण हे एवढंच म्हणाले, "मंग इचारन कोन?"

"पानी आल्यावर इचारायचं काय राह्यते?" मी म्हटलं. मला राग आला होता आणि मी तो लपवला नाही. आजही त्यासाठी मला कोणी नाव ठेवायला आलं तर त्याला आधी आमच्या बोअरचा पेलाभर पाजीन.

शेवटी हे तयार झाले, आणि बातमी फुटली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मागच्या दारात कोण यावं? भाऊजी. जन्मात कधी त्या बाजूने आले नव्हते. शेणातून चपला उचलत उचलत आले आणि उंबऱ्यावरच बसले.

"वयनी, त्याले आमच्यात येऊ देऊ नोका."

मला वाटलं, चेष्टा करताहेत. पण त्यांचा चेहरा पडलेला होता.

"सगळेच आमच्यात आले," भाऊजी म्हणाले, "अन् आमीच बाहेर पडलो. काल आलेला आज पदावर. पह्यले पक्षाच्या वरच्या साहेबांचा मले फोन येये, तुह्या गावात तो काय बोलून राह्यला? मी सांगो, हातपंप द्या, नाई तं त्याच्या बाजूने जाईन गाव. तं भेटे हातपंप. सभामंडप मले त्याच्याच भरोशावर भेटला. आता तोबी आला तं मले कोन इचारते?"

तीस वर्षं समोरासमोर भांडलेला हा माणूस. मला हसावं की रडावं कळेना. म्हटलं, "मंग आमच्या बाजूले नळ द्या. कायले पाठवीन मी त्यायले?"

"नळ माह्या हातात असता तं कवाच देल्ला असता."

"मंग तुमच्या हातात हाय काय, भाऊजी?"

त्यांनी खरंच विचार केला. "आता तेच तं पाहून राह्यलो," म्हणाले, आणि चहा पिऊन आल्या वाटेने गेले.

प्रवेशाचा कार्यक्रम तालुक्याला मंगल कार्यालयात झाला. मीही गेले होते. वरातीसारखी गर्दी, फक्त सगळे नवरदेव. यांच्या गळ्यात ज्याने दुपट्टा घातला तो स्वतः आदल्याच महिन्यात प्रवेश करून आलेला होता. कधी काळी यांनीच त्याला आपल्या पक्षात आणलं होतं. साहेब म्हणाले, आज तुमच्या गावातला शेवटचा विरोधक विकासाच्या प्रवाहात आला. टाळ्या झाल्या. भाऊजी सगळ्यात मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. ह्यांनी फोटोत हसायचा प्रयत्न केला आहे. तो फोटो पाहून आमची मुलगी फोनवर म्हणाली, "बाबांचा दात काढायचा होता का त्या दिवशी?"

पण नळ आला. थोड्याच दिवसांत आमच्या बाजूला खोदलं, पाइप टाकला, नारळ फुटला. पहिलं पाणी गढूळ येत होतं म्हणून मी यांच्या जुन्या पक्षाचा दुपट्टा पेटीतून काढला, कात्रीने चौकोन कापून कडा दुमडून शिवला आणि नळाच्या तोंडाला बांधला. हे म्हणाले, "अवं, काय केलं हे?" मी म्हटलं, "इतकी वर्षं काय कामाचा होता? आता गाळून तं देते." शेजारणीने पहिली कळशी भरली आणि नवऱ्याला पेला नेऊन दिला. तो खाटेवर बसून पाणी प्यायला, मग पेल्यात पाहिलं आणि पुन्हा मागितलं. मला रडू आलं. त्या दिवशी मला वाटलं, बरं केलं मी.

त्यानंतर दोन गोष्टी बंद झाल्या. एक, मागचं दार. आता कोण कशाला येईल? आमचे हेही पदावर होते. दुसरं, सकाळचं भांडण. दोन्ही ओट्यांवर एकाच रंगाचा दुपट्टा घातलेले दोन भाऊ. एसटी यायची, जायची, धूळ बसायची. मग भाऊजी म्हणायचे, "पानी येईन वाटते आज." हे म्हणायचे, "येईन." की संपलं. जाऊबाई मला म्हणाल्या, "च्या थंडाच होत नाई वो आता, लगेच येऊन पितात." घरात मला करमेना. यांची बडबड मला कधी आवडते असं मी कोणाला कबूल केलं नव्हतं.

आणि मग पाणी थांबलं. नळ उघडला की नुसती हवा फुसफुसायची. आमच्याच बाजूला नाही, पलीकडेही. म्हटलं चला, दोन्ही बाजूंना सारखा न्याय झाला. मोटर जळाली म्हणे. ज्यांनी बसवली ती माणसं वरच्या साहेबांची. आज दुरुस्त होईल, उद्या होईल, असं करत उन्हाळा लागला. पलीकडच्या बाया आणि अलीकडच्या बाया एकाच रस्त्यावर कॅनवाल्या ऑटोची वाट पाहत उभ्या राहू लागल्या. ज्यांच्याकडे कॅन घ्यायची सोय नव्हती त्या पुन्हा बोअरवर गेल्या. शेजारीण त्यांच्यात होती. तिच्या नवऱ्याच्या पायांवर सूज चढली होती.

मी यांना म्हटलं, "इचारा ना."

"आपल्याच पक्षाचं काम हाय. बाहेर बोलता येत नाई. आत बोलतो."

"आत म्हंजे कुठी?"

 आत म्हणजे कुठे, ते त्यांना कोणी दाखवलं नव्हतं.

मग ग्रामसभा आली. शाळेच्या वर्गखोलीत भरते. बाया एका कडेला, पुरुष बाकांवर, समोर टेबलामागे जाऊबाई आणि त्यांच्या शेजारी भाऊजी. ग्रामसेवकाने सगळं वाचून दाखवलं आणि सवयीने विचारलं, "कोणाला काही प्रश्न?" पूर्वी या जागेवर आमचे हे घसा खाकरून उठायचे आणि माणसं आरामात मागे टेकून बसायची. त्या दिवशी कोणी खाकरलं नाही. सगळ्यांनी सवयीने यांच्याकडे पाहिलं. चाचांनी पाहिलं, गोठ्यात उभ्या राहिलेल्याने पाहिलं, भाऊजींनीही पाहिलं. यांनी गळ्यातला दुपट्टा नीट केला आणि जमिनीकडे पाहिलं. मला त्यांची फार दया आली. आणि त्या दयेपेक्षा मोठा राग आला, तो नक्की कोणावर ते मी अजून ठरवलेलं नाही. कडेला शेजारीण बसली होती. तिच्या पदरात दवाखान्याची पिशवी होती, कारण तिला तिथूनच अकोल्याची गाडी धरायची होती.

मी उभी राहिले.

"पानी काऊन बंद हाय अन् कवा चालू होईन?"

सभेत चुळबूळ झाली.  भाऊजी म्हणाले, "वयनी, तुमी कोन्या पक्षाकडून बोलून राह्यल्या?"

आता आली का पंचाईत. मी विचार केला आणि खरं तेच सांगितलं. "मी कोन्याच पक्षात नाई, भाऊजी. प्रवेश यांचा झाला. माहा कोनी केलाच नाई, मले कोनी बलावलंच नाई."

बाया हसल्या, मग पुरुष हसले. ग्रामसेवक म्हणाला, तांत्रिक बाब आहे, वर कळवलं आहे. मी म्हटलं, वर म्हणजे कोणाला, आणि त्यांनी काय कळवलं. भाऊजी उत्तर द्यायला उठले तर मी म्हटलं, "सरपंच तुमी नाई, जाऊबाई हायेत. त्यायले सांगू द्या." जाऊबाई इतकी वर्षं त्या खुर्चीवर गप्प बसल्या होत्या. त्यांनी भाऊजींकडे पाहिलंच नाही. ग्रामसेवकाकडे वळून म्हणाल्या, "सांगा ना. मलेबी माहीत नाई. माह्या घरीबी येत नाई पानी." चाचा उठले. वाटलं, आता म्हणतील विकासात खोडा घालू नका. पण चाचा नुसते उभे राहिले, आणि बसलेही नाहीत.

मोटर लगेच बसली असं मी सांगणार नाही. तालुक्यावरून एक माणूस आला, मोटर खोलून घेऊन गेला, आणि पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला. निदान खोलली तरी, असं म्हणायचं आणि वाट पाहायची. मी पुढच्या सभेला पुन्हा उठणार आहे, हे मात्र सगळ्यांना सांगून ठेवलं आहे.

 सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हे चहा न घेताच पुढच्या दाराने बाहेर गेले. मला वाटलं, रागावले. रागावू देत. मी मशीनवर बसले. थोड्या वेळाने गोठ्याकडून खोकल्याचा आवाज आला. आवाज ओळखीचा होता, पण त्या बाजूने कधी ऐकला नव्हता.

"बाई, हायेत का घरात?"

मी मान वर केली. हे होते. पुढच्या दाराने जाऊन, अख्ख्या गल्लीला वळसा घालून, शेणातून चपला उचलत आले होते. गळ्यातला दुपट्टा घडी करून काखेत धरला होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण यांनी मला 'हायेत का' असं पहिल्यांदाच म्हटलं.

"पुढून या ना," मी म्हटलं.

"नाई, इथंच बरं हाय." हे उंबऱ्यावर बसले आणि इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "त्या शेजारच्याले अकोल्याले न्यायची सरकारी गाडी बंद झाली. मी आता पदावर हाय, मले बोलता येत नाई. पुढच्या सभेत तुमी तेवढा मुद्दा काढा."

मी उठून चहा ठेवला. पाणी खारंच होतं. यांनी तो संपवला, कप धुवून ठेवला आणि आल्या वाटेने, गोठ्यातून, निघून गेले.